गळवाल्यांची वही

मासा पकडायचा आणि परत पाण्यात सोडायचा, हा उद्योग आपल्याकडच्या माणसाला पटत नाही. खायचा नसेल तर त्याच्या तोंडात गळ अडकवायचाच कशाला? प्रश्न रास्त आहे. माशाला इजा होते, काही मासे सोडल्यावर मरतातही. तरीही कावेरीतल्या एका अवाढव्य माशाची जात संपत आली आहे, हे आकड्यांनिशी कळलं ते अशाच रिकामटेकड्या वाटणाऱ्या लोकांमुळे. आणि ती संपत येण्याला त्यांचाही हातभार लागला होता.

हा मासा म्हणजे कुबड असलेला, नारिंगी परांचा महसीर. कावेरी आणि तिच्या उपनद्या सोडल्या तर जगात कुठेच नाही. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने (वाघ-बिबट्यांत भुसा भरून देणारं हे नामांकित घराणं) काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे चोपन्न किलोंचा महसीर गळाला लावला. पुढे जिलेटिनच्या कांड्या आल्या. डोहात कांडी फुटली की लहानमोठं सगळं पोट वर करून तरंगतं. निम्मं गोळा होतं, निम्मं वाहून जातं. सुरुंग आणि विष वापरून मासे मारायला १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. पण कायद्याला नदीकाठी रात्र काढायला माणूस लागतो, आणि तो कुठल्याच खात्याकडे नसतो.

तो माणूस हौशी गळवाल्यांनी आणला. १९७२ साली बंगळुरात ‘वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया’ स्थापन झाली. कावेरीचा काही पट्टा तिने भाडेपट्ट्याने घेतला, पहारा बसवला. पुढे भीमेश्वरी, गालिबोरे, दोड्डमाकळी इथे मासेमारीचे तळ उभे राहिले. पकडलेला मासा सोडायचाच, हा नियम. पहारेकरी आणि वाटाडे म्हणून कोणाला ठेवलं? पूर्वी चोरून मासे मारणाऱ्यांनाच. डोह कुठे खोल आहे, पाणी चढलं की मासा कुठल्या खडकाआड जातो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? उकडलेल्या नाचणीच्या पिठाचा गोळा गळावर थापायचा, गोल टोपलीसारख्या होडीतून पाहुण्याला धारेत न्यायचं, आणि दमलेला मासा प्रवाहाकडे तोंड करून, कल्ले नीट हलू लागेपर्यंत हातात धरून ठेवायचा, हे काम तेच करत.

पाहुणे पैसेवाले, बरेचसे परदेशी. काठावरचा माणूस मात्र पोटासाठी जाळं टाकी म्हणून चोर ठरलेला, आणि आता त्याच पाहुण्यांच्या पगारावर राखणदार झालेला. हे मला खटकतं. पण वर्षभर पगार मिळू लागल्यावर त्या पट्ट्यातला जिवंत महसीर मेलेल्यापेक्षा महाग झाला, हेही तितकंच खरं. पोकळ निसर्गप्रेमापेक्षा असा रोकडा स्वार्थ नदीच्या जास्त उपयोगी पडतो, असं माझं मत आहे.

आता दुसरी बाजू, आणि तिचा धागा थेट लोणावळ्यापर्यंत येतो. वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या सुमारास महसीरची पिल्लं तयार करायला सुरुवात केली. महाराष्ट्राच्या मत्स्य खात्याचे माजी संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि पुढे एस. एन. ओगले यांनी नर-मादीचं बीज हाताने काढून अंडी फळवण्याचं तंत्र बसवलं. काम अस्सल आणि कौतुकाचं. हा मासा निळ्या परांचा, टॉर खुदरी. साइक्सने १८३९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. लोणावळ्याची ही बोटुकली देशभर गेली, कावेरीतही सोडली गेली. सोडणाऱ्यांत सरकारी खातं होतं, गळवाल्यांच्या संघटनाही होत्या. महसीर कमी झालाय ना, मग महसीर सोडू या! कोणता महसीर, हे कोणी विचारलं नाही. देवराईत झाडं कमी झाली म्हणून गुलमोहर लावण्यातला प्रकार.

गालिबोरेच्या तळावर मात्र एक वही होती. कोण, किती तास बसला, किती मासे, केवढे, कुठल्या रूपाचे. कोणा शास्त्रज्ञाने मागितली म्हणून नव्हे. माझा मासा तुझ्यापेक्षा मोठा, हे उद्या सांगता यावं म्हणून. १९९८ ते २०१२ या काळातल्या या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी तपासून २०१५ मध्ये प्रसिद्ध केल्या: २३,६२० तासांची मासेमारी, ६,१६१ महसीर. माशांची संख्या वाढत गेलेली, पहारा फळाला आलेला. पण शंभरातले पंच्याण्णव निळ्या परांचे. कुबडवाले उरले ते थोडे, आणि थोराड. त्यांची नवी पिढी वहीत दिसेनाशी झालेली. वर्गीकरणशास्त्राचा उशीर तर असा की या प्रसिद्ध माशाचं शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी आहे, हे २०१८ मध्ये निश्चित झालं. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. पिढ्यान्‌पिढ्या फोटो काढले गेले, पण मासा कोण हे ठरलं नव्हतं.

स्वतःविरुद्ध पुरावा इतक्या प्रामाणिकपणे लिहून ठेवणारे लोक मला तरी फारसे माहीत नाहीत. हौशी माणसाच्या कृतीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये; त्याच्या चिकाटीवर ठेवावा.

ती वही २०१२ पाशी का थांबते? हे तळ अभयारण्यात होते; तिथे गळ टाकणं म्हणजे वन्यजीव कायद्याखाली शिकारच, असा अर्थ लावला गेला आणि तळावरची मासेमारी बंद झाली. अर्थ चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पण गळाबरोबर पहाराही गेला, नोंदीही गेल्या, आणि त्या जागी दुसरं काय ठेवायचं याचा विचार कोणी केला नाही.

गळवाल्याचा नदीवर हक्क असला की चित्र वेगळं दिसतं. इंग्लंडमध्ये १९४८ साली गळवाल्यांनी आपली सहकारी संघटना काढली, ती नदी नासवणाऱ्यांना कोर्टात खेचण्यासाठी. डर्बीच्या एका मासेमारी क्लबने कारखाना आणि खुद्द नगरपालिकेविरुद्धचा दावा अपिलातही जिंकला. मासेमारीचा हक्क तिथे मालमत्ता असतो, म्हणून हे जमलं. आपल्याकडे गळवाला भाडेकरू; करार संपला की काठावरून उठायचं. भोई समाजाच्या मासेमारी सोसायट्यांचीही स्थिती वेगळी नाही. ठेका आहे तोवर धरण आपलं, वरून मळी आली की तक्रार करत फिरायचं.

पहाऱ्याची आणखी एक तऱ्हा आपल्याकडे आहे. महाडजवळच्या वाळणकोंडात देवीचे मासे म्हणून महसीर राखले जातात; कोणी त्यांना हात लावत नाही, उलट खाऊ घालतात. तिथे श्रद्धेने पहारा दिला. पण श्रद्धा डोहापुरती असते, दोन मैल खाली तिचा अंमल चालत नाही. कावेरीतला निळ्या परांचा मासा आज सुखात आहे आणि त्याच्या मूळ मुळा-मुठेत फारसं कोणी त्याला शोधायलाही जात नाही. पुण्यात गळ घेऊन बसणारे आजही आहेत, खडकवासल्याच्या बॅकवॉटरला रविवारी पाहावं. त्यांच्याकडे कोणत्याही खात्याने साधी वही मागितल्याचं माझ्या ऐकण्यात नाही, आणि भोयांच्या सोसायटीकडून मागितली जाते ती किलोची बेरीज. जात, लांबी, महिना एवढे तीन रकाने वाढवायला कुठलाही नवा कायदा लागत नाही.