भूतदया आणि आपले उत्तरदायित्व

दिवाळीच्या पाडव्यास गोमंतकात गुराढोरांची पूजा होते. त्यांना न्हाऊ घालून त्यांच्या गळ्यात फुलांच्या माळा घालण्यात येतात. गोरवांचा हा पाडवा आपल्या संस्कृतीचे भूषण होय. परंतु पावसाळ्याच्या रात्री हीच गोरवे पेडणे-डिचोलीच्या रस्त्यांवर कोरडी जागा पाहून बसतात आणि अंधारात वाहनांखाली सापडतात. कधी दुचाकीवरील मनुष्यही प्राणास मुकतो. तेव्हा प्रश्न असा, की ज्याची एक दिवस पूजा केली त्या जीवाचे उरलेल्या दिवसांत आपण काय देणे लागतो?

ही गुरे रानातून आलेली नाहीत; त्यांना एके काळी धनी होता. नांगराची जागा यंत्राने घेतली, कित्येक शेते पडीक राहिली, आणि भाकड गाय व निरुपयोगी ठरलेला पाडा यांचे दावे सोडण्यात आले. कुत्र्या-मांजरांची कथाही वेगळी नाही. पिल्ले गोणपाटात घालून देवळाजवळ किंवा बाजारात सोडणारा गृहस्थ 'येथे कोणीतरी खायला घालील' अशी मनाची समजूत घालतो. हा 'कोणीतरी' कोण, याचा विचार मात्र तो करीत नाही.

निराश्रित जनावरांना आसरा देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. कुत्री मारण्याच्या हुकुमावरून मुंबईत १८३२ साली दंगा झाला. पुढे १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आदी धनिकांच्या पुढाकाराने तेथे पांजरपोळ उभा राहिला. आपल्या डिचोली तालुक्यातही मये येथील सिकेरीस गोमंतक गोसेवक महासंघाची गोशाळा मोकाट गुरांना आश्रय देते.

अशा संस्थेस देणगी दिली म्हणजे कर्तव्य संपले काय? देणगी सणावारी पोचते. जनावराच्या पोटाला मात्र रोज चारा लागतो. एकास आत घ्यावे तोवर दोन बाहेर सोडली जात असतील, तर कोणतीही गोशाळा पुरी पडणार नाही. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन नामदेव स्वतः धावले. तहानेल्या गाढवास कावडीतील गंगाजल एकनाथांनी स्वहस्ते पाजले. समोरचा जीव दुसऱ्याकडे सोपवून ते पुढे गेले नाहीत. १९६० चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदाही, उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा रीतीने जनावर सोडून देण्यास क्रूरताच म्हणतो.

येथे कोणी विचारील, 'ज्याच्या घरी माणसांचीच ओढाताण आहे, त्याने भाकड गाय कशी पोसावी?' हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच एकट्या शेतकऱ्यास दोष देणे अन्यायाचे होईल. ज्या गावाने तिचे दूध प्यायले, त्या गावाने तिच्या म्हातारपणाचा भार वाटून घ्यावा. कापणीनंतर प्रत्येक घराने पेंढ्याच्या चार पेंड्या बाजूला काढाव्यात. जुनी गोणपाटे, चादरी, बादल्या आश्रयस्थानी पोचवाव्यात. वैशाखात देवळाच्या आवाराबाहेर पाण्याची डोणी भरलेली असावी. ज्याला जनावर पोसवत नाही, त्याने ते रात्री रस्त्यावर न सोडता उघडपणे गोशाळेशी बोलावे, आणि शेजाऱ्यांनी त्याच्या चाऱ्यास हातभार लावावा. महिन्यातून एक दिवस मुलांना तेथे श्रमदानास न्यावे; शेण काढताना मूल जी दया शिकते, ती केवळ प्रवचनातून येत नाही.

अन्न घालतो त्या कुत्र्याचे निर्बीजीकरण व लसीकरण करून घेणे हेही दयेचेच अंग होय. २०१४ पासून गोव्यात गावोगाव कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम चालली, आणि २०२१ साली गोवा 'रेबीज-नियंत्रित क्षेत्र' म्हणून घोषित झाला. प्राण्याचे रक्षण आणि मनुष्याचे रक्षण ही दोन कर्तव्ये नव्हेत, याचा हा प्रत्यक्ष दाखला आहे.

दया ही मनाची क्षणिक आर्द्रता नसून नित्याची जबाबदारी आहे. पाडव्याची माळ संध्याकाळी सुकते. दुसऱ्या दिवशीचा चारा कोण घालणार, यावरच आपल्या पूजेची खरी परीक्षा होईल. ती बुद्धी श्रीदेव आपणां सर्वांस देवो.