थापी कुणाच्या हाती?

तमिळनाडूतल्या दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिराचं बाहेरचं गोपुर आज अर्धंच उभं आहे. खालचा दगडी भाग शाबूत, वरचे विटांचे मजले केव्हाच ढासळलेले. बाराव्या शतकात, दुसऱ्या राजराज चोळाच्या काळात बांधलेलं हे देऊळ 2004 मध्ये जागतिक वारसा यादीत आलं. इथलं दगडकाम पाहून माणूस थक्क होतो, आणि व्हावंच. पण माझं लक्ष जातं ते त्या पडलेल्या मजल्यांकडे. दगड एकदा बसला की बसला. विटा-चुन्याच्या कामाला मात्र दर पिढीत ते काम येणारं माणूस लागतं. असं माणूस घडतं कसं, आणि ते बाईमाणूस का नसतं?

या भागातल्या जुन्या घरांवर ‘मद्रास टेरेस’ असतं. लाकडी वाशांवर उभ्या विटा तिरक्या ओळींत चुन्यात बसवायच्या, त्यावर विटांचे तुकडे आणि चुना यांचा थर घालायचा आणि तो लाकडी थापटण्यांनी दिवसचे दिवस ठोकायचा. ठोकताना हिरडा आणि गूळ भिजवलेलं पाणी शिंपडत राहायचं. थापटणं थरात न रुतता टणकन उसळू लागलं की थर बसला. आपल्याकडे कोबा ठोकत, त्याच जातीचं हे काम. ओळीनं बसून ते करायच्या बायका. पावसाळ्यात छप्पर गळणार की नाही, हे त्यांच्या मनगटावर ठरायचं. तरी हिशेबात त्या मजूरच राहिल्या. कारागीर म्हणून त्यांची गणती झाली नाही.

आजही तमिळनाडूत बांधकामावरची बाई ‘चित्ताळ’ आणि गवंडी ‘कोत्तनार’. आपल्याकडे बिगारी आणि गवंडी. गवंडी शाळेत तयार होत नाही. पोरगा मामाच्या किंवा गावच्या मिस्त्रीच्या हाताखाली लागतो, आधी माल कालवतो, मग एखाद्या संध्याकाळी मिस्त्री त्याच्या हातात थापी देतो आणि आडोशाच्या भिंतीचा एक थर लावू देतो. वाकडा गेला की उतरवून पुन्हा लावायला सांगतो. दोन-तीन वर्षांत ओळंबा आणि गुण्या हातात बसतात. शेजारी घमेली वाहणाऱ्या बाईच्या वाट्याला ती संध्याकाळ येतच नाही. समान कामाला समान वेतन देणारा कायदा 1976 मध्ये आला. पण काम समान होऊच दिलं नाही, तर असा कायदा तिला काय देणार?

सिमेंट उद्योगातून जगाच्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के वायू बाहेर पडतो. म्हणून मातीकडे आणि चुन्याकडे परत वळण्याची भाषा होते. ऑरोविल अर्थ इन्स्टिट्यूट 1989 पासून दाबलेल्या मातीच्या विटांचं काम शिकवतं: मातीत साधारण पाच टक्के सिमेंट, यंत्रात दाब, भट्टी नाही. मात्र यात सामानावरचा भार माणसाच्या हातावर येतो. माती चाळणं, ओल ओळखणं, विटा आठवडेच्या आठवडे ओल्या ठेवणं. यात हयगय झाली की पहिल्याच पावसात भिंत झडते आणि घरमालक पुन्हा सिमेंटकडे जातो. हे काम अजून कुठल्या बापलेकांच्या घराण्याकडे गेलेलं नाही. बायकांना दार उघडं आहे ते इथेच.

आणि बायका बांधकाम शिकू शकतात, याचा दाखला आपल्या मराठवाड्यात आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसं मेली ती घरांखाली: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, आतला-बाहेरचा पदर एकमेकांना न बांधलेला, वर माळवदाचं ओझं. त्यानंतर घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणात सरकारनं प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेला लोकसहभागाचं काम दिलं. लातूर-उस्मानाबादच्या तेराशेच्या आसपास गावांत बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. भिंतीच्या आरपार जाणारा दगड का हवा, कोपरे कसे बांधून घ्यायचे, छपरावरची माती का कमी करायची, हे त्या शिकल्या आणि दारोदार सांगू लागल्या. पुस्तकातली अभियांत्रिकी त्यांनी ओसरीवर आणली.

2001 मध्ये कच्छ हादरलं तेव्हा याच बायका तिकडच्या बायकांकडे गेल्या. 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आली. एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसं गेली. दारासुरमहून पूर्वेला कावेरीच्या फाट्यांबरोबर गेलं की तोच किनारा लागतो. तिथे लातूरच्या आणि कच्छच्या बायका पोहोचल्या. भाषा तीन, पण घर गमावून ते पुन्हा उभं केलेलं माणूस समोर बसलं, की ऐकणारीला ते तज्ज्ञाच्या भाषणापेक्षा पटतं. शिकवणं याला म्हणतात असं मला मनापासून वाटतं. या चोळमंडळातल्या मराठ्यांच्या स्वाऱ्यांचा आणि तंजावरच्या गादीचा इतिहास आपण अभिमानानं सांगतो. या प्रवासाचाही तितक्याच अभिमानानं सांगावा.

दुसऱ्या टोकाला, नकाशा काढणाऱ्यांच्या बाजूला, वास्तुविशारद अनुपमा कुंडू आहेत. जन्म पुण्याचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये. ऑरोविलमधलं त्यांचं ‘वॉल हाउस’ स्थानिक हातविटांचं आहे. 2012 च्या व्हेनिस बिनालेत त्याची पूर्ण मापाची प्रतिकृती उभी राहिली, तेव्हा भारतातले कारागीर परदेशी विद्यार्थ्यांबरोबर काम करत होते. तिथे कारागीर गुरूच्या जागी होता. त्या जागी कारागीर बाई दिसावी, एवढीच माझी इच्छा आहे. वास्तुविशारद स्त्रिया वाढल्या, याचा आनंद आहेच. पण नकाशावर बाई आणि परांचीवर फक्त पुरुष, हे चित्र अर्धवट आहे.

एक-दोन आठवड्यांच्या शिबिरानं गवंडी होत नाही. प्रमाणपत्र मिळतं, आणि सोमवारी ती पुन्हा घमेलं उचलते. बांधकाम कामगारांसाठी बांधकामाच्या खर्चावर किमान एक टक्का उपकर घेतला जातो. त्यातून दोन वर्षांची उमेदवारी द्यावी. चुन्याच्या आणि मातीच्या सरकारी कामांच्या निविदेतच ती अट असावी. शिकणारीची मजुरी बुडू नये, शिकवणाऱ्या मिस्त्रीणबाईला शिकवण्याच्या वेळेचे पैसे मिळावेत, पाळणाघर कामाच्या जागीच असावं. आणि उमेदवारी संपली की हजेरीपटावर तिच्या नावापुढे ‘गवंडी’ लिहिलं जावं, पगार त्याच दरानं निघावा.