रात्रीची मूठ

आपली बंगळुरूची चामराजपेट ज्या १८९२ च्या सुमारास वसली, त्याच सुमारास दूर फ्रान्समध्ये रेन्वार या थोर चित्रकाराच्या सांध्यांवर संधिवाताने अंमल बसवला, आणि पुढे बोटे इतकी आत वळली, की नखे तळव्यात रुतू नयेत म्हणून पट्ट्यांचा बंदोबस्त करावा लागे. तरीही १९१९ साली देह ठेवीपर्यंत त्याने कुंचला सोडला नाही. याच संधिवातामुळे आपल्या पेठेतल्या ज्या आजींना पहाटे तांब्याही धरवत नाही, त्यांच्या तळव्यात निजताना मऊ सुती गुंडाळी द्यावी, डॉक्टरांच्या संमतीने मनगटाला आधारपट्टी सैलसर बांधावी, आणि उठताच कोमट पाण्यात बोटे हलकेच उलगडावीत. बळाने ओढणे ही निव्वळ क्रूरता होय. दाह शमवणारे शरीरातले द्रव्य मध्यरात्री ओसरते, म्हणून औषधाची वेळही डॉक्टरांना अवश्य विचारावी.