मंडळीत बोलायचे कोणी?

प्रश्न : आमच्या मंडळीत प्रार्थना, शास्त्रवाचन, उपदेश सारे पाळकसाहेबच करतात. आम्ही गीते म्हणतो, अर्पण टाकतो, आशीर्वाद घेऊन घरी येतो. माझा धाकटा भाऊ पेंटेकॉस्टल मंडळीत जातो. तिथे कोणीही उभे राहून साक्ष देते, अन्य भाषेत प्रार्थना करते. ‘तुमच्याकडे आत्म्याला जागाच नाही,’ असे तो म्हणतो. सभासदाने उपासनेत भाग घ्यावा का? आणि आपल्याला कोणते दान आहे हेच कळत नसेल तर?
— एक वाचक, नगर जिल्हा

उत्तर : भावाचे म्हणणे झटकून टाकू नका. पौलाने इ. स. ५५ च्या सुमारास इफिसहून करिंथच्या मंडळीला पत्र लिहिले, तेव्हा तिथली उपासना एकट्याच्या हाती नव्हती. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायाचे २६वे वचन पाहा. कोणी स्तोत्र घेऊन येतो, कोणी शिक्षण, कोणी अन्य भाषा, तर कोणी तिचा अर्थ. आपल्या पुष्कळ मंडळ्या यापासून फार दूर गेल्या आहेत आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते.

मात्र भावालाही तोच अध्याय पुढे वाचायला सांगा. अन्य भाषेत दोघांनी, फार तर तिघांनी बोलावे, तेही पाळीपाळीने. अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्याने मंडळीत गप्प राहून देवाशी बोलावे. संदेश सांगणारेही दोघे-तिघेच आणि इतरांनी तो पारखायचा. करिंथात दानांची वाण नव्हती, तिथे चढाओढ होती. तेरावा अध्याय आपण लग्नात वाचतो, पण पौलाने तो लिहिला तो उपासनेतल्या या ओढाताणीकडे बघून. आत्मा आहे की नाही हे तो आवाजावरून ठरवत नाही. बोलण्याने ऐकणाऱ्याची उन्नती झाली का, एवढेच विचारतो. या प्रश्नातून भावाची मंडळी सुटत नाही आणि तुमचीही नाही, कारण जिथे सभासदाला तोंडच उघडायचे नाही तिथे तो कोणाची उन्नती करणार?

तुमच्या दानाविषयी. करिंथकरांना दिलेल्या यादीत साहाय्य करणे आणि व्यवस्था पाहणे ही दाने आजार बरे करण्याच्या दानाशेजारीच आहेत. रोमकरांस पत्रात सेवा, बोध, दया करणे ही येतात. दवाखान्यात पडलेल्या सभासदाकडे तुम्ही न सांगता जात असाल, मंडळीचा हिशेब चोख ठेवत असाल, तर दान शोधत फिरायची गरज नाही. बहुधा ते आपल्याआधी इतरांना दिसते. दोन जाणत्या माणसांना विचारून पाहा.

सहभाग आपल्याला परकाही नाही. ‘उपासना संगीत’मधली कितीतरी गीते ना. वा. टिळकांची आहेत. एका माणसाचे काव्याचे दान शंभर वर्षांनंतरही गावोगावच्या मंडळ्यांच्या तोंडी आहे. भजनात टाळ धरून बसलेला माणूस नुसता श्रोता कधीच नसतो.

पाळकसाहेबांना आणि पंचांना भेटा, पण तक्रार घेऊन जाऊ नका. इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय सोबत न्या. पाळक आणि शिक्षक दिले गेले ते पवित्र जनांना सेवेसाठी तयार करायला, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे सभासदाला पुढे आणल्याने पाळकाचा मान कमी होत नाही, त्याचेच काम पुरे होते. शास्त्रवाचन आळीपाळीने घरोघरी वाटून द्यावे. मंडळीसाठीची प्रार्थना कधी एखाद्या कुटुंबाने करावी. महिन्यातून एकदा साक्षीला थोडा वेळ ठेवावा. ज्याला चारचौघांत बोलायचा धीर होत नाही, त्याने घरच्या प्रार्थनासभेपासून सुरुवात करावी.

प्रश्न : पाळकसाहेबांनी मला रविवारी संदेश द्यायला सांगितले. काही वडीलधारे म्हणतात, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे असे पौलानेच लिहिले आहे. मी काय करू?
— एक भगिनी, पुणे

उत्तर : ते वचन आहे, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्याच अध्यायात. पण त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात स्त्रीने प्रार्थना करताना वा संदेश देताना मस्तक कसे ठेवावे हे पौल सांगतो. स्त्रीने बोलायचेच नसते, तर हा नियम कशाला हवा होता? प्रेषितांची कृत्ये, अध्याय २१ मध्ये फिलिप्पाच्या चार संदेश देणाऱ्या मुली भेटतात. म्हणून गप्प राहण्याची ती आज्ञा त्या सभेतल्या गोंधळापुरती होती, असे मी मानतो. वडीलधाऱ्यांना हा अर्थ पटणार नाही कदाचित, त्यांच्याशी आदराने बोला.

शिवाय केडगाव तुमच्यापासून लांब नाही. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात संजीवन झाले, तेव्हा प्रार्थना करणाऱ्या आणि आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला निघालेल्या बहुतेक तरुण मुलीच होत्या, कित्येक विधवा, कित्येक दुष्काळातून वाचलेल्या. महाराष्ट्रातल्या मंडळीने त्यांचे ऐकले.

तेव्हा संदेश द्या. एकच उतारा निवडा, पंधरा-वीस मिनिटांत मावेल एवढेच लिहा आणि शनिवारपर्यंत पाळकसाहेबांना वाचून दाखवा. विरोध करणाऱ्या वडिलांपैकी एकाला प्रार्थनेने सुरुवात करून द्यायची विनंतीही करा.