वीरगळाची वरची चौकट

कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक गावांत देवळांच्या आवारात जे वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांची दगडी स्मारके, उभे दिसतात, त्यांच्या चौकटी खालून वर वाचावयाच्या असतात: तळाशी लढाई, मध्ये अप्सरांसह वीराचे स्वर्गारोहण आणि माथ्याशी कैलासात शिवलिंग पूजणारा तोच वीर. रणात मेल्यास स्वर्ग मिळेल, हे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील आश्वासन येथे शिल्पात उतरले आहे. मात्र बहुतेक वीरगळांवर लेख नसल्याने कैलास ज्याला लाभला त्याचे नाव उरलेले नाही. पोवाड्यात याच्या उलट घडते, कारण १६६० साली पन्हाळा आणि विशाळगड यांच्या दरम्यान झालेल्या खिंडीतील झुंजीत बाजीप्रभूंचे नाव गाजते आणि त्यांच्यासोबत पडलेले बांदल मावळे समूह म्हणूनच उरतात.

स्वर्गाची चौकट काढून टाकली तर युद्धाच्या कलेचे समर्थन कशावर करावयाचे, हा प्रश्न इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री येथे १९८६ साली उभ्या राहिलेल्या बोल्ट थ्रोअर या वाद्यवृंदाने, बहुधा नकळत, पुढे आणला. त्यांची डेथ मेटल शैली, म्हणजे खालच्या स्वरात लावलेल्या गिटारी, ड्रमचा अखंड मारा आणि गुरगुरता गळा, युद्धाच्या विषयाला जणू बेतलेलीच होती. ‘दोज वन्स लॉयल’ (२००५), म्हणजे ‘एकेकाळचे निष्ठावंत’, हा त्यांचा अखेरचा अल्बम सैनिकाकडे पाहतो, पण त्याला कैलास देत नाही.

नाट्यशास्त्रानुसार वीररसाचा स्थायीभाव, म्हणजे रसाच्या मुळाशी असणारी भावना, उत्साह आहे, तर बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळस. या संगीताची अडचण अशी की शब्द जुगुप्सेकडे नेत असताना ठेका अंगात उत्साहच भरतो, त्यामुळे ते युद्धाचा गौरव करते हा आक्षेप सहज झटकता येत नाही. आणि खरे तर डफावर रक्त तापवणाऱ्या पोवाड्यालाही तो तितकाच लागू पडतो. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त महाभारताचा प्रधान रस शांत ठरवला, तो वृष्णी, म्हणजे कृष्णाचे कुळ, आणि पांडव यांच्या विषण्ण शेवटातून वैराग्य उपजते म्हणून. ते वैराग्य अल्बममध्ये शोधणे ओढाताणीचे होईल. ड्रमवादक मार्टिन कर्न्स यांचे २०१५ साली निधन झाल्यावर पुढच्या वर्षी वाद्यवृंद विसर्जित झाला, त्यामागेही सहकाऱ्यावरची निष्ठा दिसते, संसाराचा वीट नव्हे. तरीही वरच्या दोन चौकटी कोऱ्या ठेवून तळाच्या चौकटीपाशी थांबण्यात एक प्रामाणिकपणा आहे, जो वीरगळ घडवणाऱ्या पाथरवटाला त्याच्या श्रद्धेमुळे परवडणारा नव्हता.