पुराव्याआधीचा करार

ओझोनची गोष्ट साधारणपणे अशी सांगितली जाते: शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचे छिद्र दाखवले, जग हादरले आणि सरकारांनी घातक वायूंवर बंदी आणली. तिच्यातला क्रम मात्र चुकीचा आहे. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करारावर सह्या झाल्या, तेव्हा छिद्राचे कारण निर्विवाद ठरलेले नव्हते. ते शोधणारी विमाने त्याच दिवसांत चिलीतल्या पुंता अरेनासहून उड्डाणे करत होती आणि वाटाघाटींचा मसुदा छिद्राच्या पुराव्यावर बेतलेला नव्हता. या कराराचे खरे मोल तिथेच आहे.

स्थितांबरात तीव्र अतिनील किरणे ऑक्सिजनचे रेणू फोडतात, सुटलेले अणू इतर ऑक्सिजन रेणूंशी जुळून ओझोन बनतो, तो स्वतः अतिनील किरणे शोषून फुटतो आणि पुन्हा घडतो. म्हणजे ओझोनचा हा थर साठवून ठेवलेला नाही. तो सतत मोडतो आणि सतत बनतो. सगळा ओझोन समुद्रसपाटीच्या दाबाखाली आणला तर जेमतेम तीन मिलिमीटर जाडी भरेल. तेवढ्यावर पेशींतल्या डीएनएचे रक्षण चालते. क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी, विषारी नाहीत, पेट घेत नाहीत, कशाशी सहजी संयोग पावत नाहीत. म्हणूनच फ्रीजमध्ये आणि स्प्रेच्या डब्यांत त्यांचा सुळसुळाट झाला. पण याच गुणामुळे ते खाली नष्ट न होता वर पोचतात, तिथे फुटतात, आणि सुटलेला क्लोरीनचा एकेक अणू स्वतः न संपता हजारो ओझोन रेणू मोडतो. रसायनशास्त्रज्ञ मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये हे मांडले ते मुख्यतः गणिताच्या आधारावर. १९८५ मध्ये अंटार्क्टिकातल्या हॅली केंद्रावरच्या ब्रिटिश नोंदींतून जी घट दिसली ती त्या गणितापेक्षा कितीतरी मोठी होती, कारण ध्रुवीय ढगांच्या पृष्ठभागावर होणाऱ्या अभिक्रिया त्यात धरल्याच नव्हत्या. सिद्धान्ताची दिशा बरोबर होती, आकडा चुकला, आणि तोही धोका कमी दाखवून. अनिश्चितता म्हणजे थांबायचे कारण, असे मानणाऱ्यांनी ही चूक कोणत्या बाजूला झाली ते पाहावे.

यावर म्हटले जाते की पर्याय तयार होते म्हणून हे सोपे गेले. पण १९८७ मध्ये बहुतेक वापरांसाठी बाजारात पर्याय नव्हते. बंदी दिसू लागल्यावर कारखानदारांनी त्यांच्यावर पैसा घातला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मूळ करार दुबळा होता, सीएफसीत निम्मी कपातच मागत होता. भारत आणि चीन बाहेर राहिले, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. वातावरण बिघडवणारे मुख्यतः श्रीमंत देश होते. १९९० मध्ये लंडनला भारताच्या पर्यावरणमंत्री मनेका गांधी यांनी पैसा आणि तंत्रज्ञानाचा आग्रह धरला, स्वतंत्र निधी ठरला, आणि भारत १९९२ मध्ये सामील झाला. लंडनच्या त्याच बैठकीत निम्म्या कपातीची पूर्ण बंदी झाली. पुढे सीएफसीच्या जागी आलेले एचएफसी ओझोनला निरुपद्रवी, पण हवा तापवणारे निघाले, तेव्हा त्यांच्या कपातीची तरतूद २०१६ मध्ये किगालीत जोडली गेली. करारात दुरुस्तीची दारे ठेवली नसती तर पहिलाच मसुदा त्याचा शेवट ठरला असता.

हवा तापवणाऱ्या कार्बनचा प्रश्न असा सुटणार नाही, हे मान्यच. सीएफसी बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या. कोळसा आणि तेल यांवर अख्ख्या अर्थव्यवस्था उभ्या आहेत. त्यामुळे माँट्रियलची नक्कल करा, असे म्हणण्यात अर्थ नाही. मात्र ‘आधी सगळे सिद्ध होऊ द्या’ ही सबब १९८७ मध्ये चालली असती, तर अंटार्क्टिकावरचा ओझोन २०६६च्या सुमारास १९८०च्या पातळीवर येईल, हा आजचा अंदाज वर्तवायची वेळच आली नसती.