विजेत्याचा विनय आणि कर्तृत्वाची वाटणी

ऑलिंपिक विजेत्याने स्वतःच्या विजयाविषयी कसे बोलावे, हा प्रश्न वरवर शिष्टाचाराचा दिसत असला, तरी त्याच्या मुळाशी कर्तृत्वाचा, म्हणजे घडलेल्या कर्माचे श्रेय कोणाकडे जाते याचा, जुना तात्त्विक वाद आहे. भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना पहिला मान अमानित्वाला, म्हणजे मानाची हाव नसण्याला, दिलेला आहे; त्याचे विवरण करताना ज्ञानेश्वरांनी असा पुरुष रंगवला आहे, की जो सत्काराच्या चाहुलीनेही अवघडतो आणि आपला मोठेपणा झाकण्यासाठी प्रसंगी वेडही पांघरतो. ज्ञानी पुरुषाला हे शोभते. परंतु ज्याचे यश सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून फलकावर झळकते आणि ज्याला सर्वांत उंच पायरीवर उभे राहावेच लागते, त्या खेळाडूने ते झाकायचे तरी कोठे?

त्याच्या दृष्टीने अठरावा अध्याय अधिक उपयोगी आहे. कोणत्याही कर्माची तेथे पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचा आधार असलेले शरीर, कर्ता, करणे म्हणजे इंद्रियादी साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि दैव; तसेच जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याला खरे दिसत नाही, असा निर्वाळा दिला आहे. या मांडणीत बढाई हा स्वभावदोष ठरण्याआधी विचारदोष ठरतो, कारण बढाईखोर माणूस पाचांचे श्रेय एकाच्या पदरात टाकून मोकळा होतो. त्याच न्यायाने 'माझे यात काहीच नाही' हे म्हणणेही चुकते, कारण कर्ता त्या पाचांत आहेच. सत्कारसमारंभांतून मात्र ही दुसरी चूक सद्गुण म्हणून खपते.

सारे श्रेय देवाकडे सोपवण्याचीही एक परंपरा आहे. छत्तीसगडमधील रायपूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवरील चंपारण्य हे पुष्टिमार्गाचे प्रवर्तक वल्लभाचार्य (जन्म 1479) यांचे जन्मस्थान मानले जाते. पुष्टी म्हणजे भगवंताचा अनुग्रह, आणि तो साधनांच्या बळावर कमावता येत नाही, हा या मार्गाचा गाभा आहे. पदक गळ्यात पडताच 'ही देवाची कृपा' असे म्हणणाऱ्या विजेत्याला हा विचार जवळचा वाटेल; पण त्यातून निघणारा निष्कर्ष त्याला पेलेलच असे नाही. अनुग्रह जर पात्रतेचे वेतन नसेल, तर पदक हा अनुग्रहाचा पुरावाही होऊ शकत नाही आणि चौथा आलेला खेळाडू देवाला कमी प्रिय ठरत नाही. हे ध्यानात न घेता उच्चारलेली कृतज्ञता ही देवाच्या नावाने मारलेली बढाईच होय.

देव बाजूला ठेवला, तरी श्रेयाची वाटणी सांघिक खेळात उघड दिसते. छत्तीसगडच्याच बिलासपुरात 1927 साली जन्मलेले लेस्ली क्लॉडियस यांनी ऑलिंपिकमध्ये 1948, 1952 व 1956 साली हॉकीचे सुवर्णपदक आणि 1960 साली रौप्यपदक मिळवले. त्यांची जागा राइट हाफची, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा चेंडू अडवून तो आपल्या आघाडीला पुरवणाऱ्याची, होती, आणि गोलफलकावर या जागेचे नाव क्वचितच लागते. 1952 च्या अंतिम सामन्यात भारताने नेदरलँड्सवर मिळवलेल्या 6-1 अशा विजयात पाच गोल बलबीरसिंगांचे होते. हे पाच गोल सर्वांना ठाऊक असतात, त्यांच्यापर्यंत चेंडू आणणारी मधली फळी मात्र जाणकारांपुरतीच उरते. अशा सांघिक खेळात विनय ही निव्वळ वस्तुस्थितीची कबुली असते.

एकट्याच्या खेळात मात्र बढाई कशाला म्हणायचे, हेच आधी ठरवावे लागते. कुस्तीच्या तालमीत मल्ल प्रथम लाल मातीला हात लावून तो कपाळी नेतो आणि मगच मांडीवर शड्डू ठोकतो. हा शड्डू म्हणजे बढाई नव्हे, कारण तो लढतीआधी ठोकला जातो आणि पाठ जमिनीला लागली तर तो ठोकणाऱ्याच्याच अंगलट येतो. निकालाआधीच्या आविर्भावाचे मोजमाप मात्र सर्वांना सारखे लागत नाही. 2008 साली बीजिंगमध्ये उसेन बोल्टने शंभर मीटरची शर्यत संपण्याआधीच वेग ढिला करून छातीवर थाप मारली, तेव्हा आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष जाक रॉग यांनी प्रतिस्पर्ध्यांचा मान न राखल्याबद्दल नाराजी व्यक्त केली. 2021 साली टोकियोत नीरज चोप्राने भाला जमिनीत रुतण्याआधीच पाठ फिरवून हात उंचावले, तेव्हा भारतात त्याला आत्मविश्वास म्हटले गेले. उद्धटपणाची व्याख्या बऱ्याचदा विजेत्याच्या पारपत्रावरून ठरते, असे म्हणायला येथे जागा आहे.

विनयाची मागणी कोण कोणाकडे करतो, हेही म्हणूनच पाहावे लागते. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्धाचे सुवर्णपदक मिळवणारे कॅशियस क्ले, म्हणजे पुढचे मुहम्मद अली, ज्या वर्णभेदी समाजात परतले, त्याने त्यांचे कर्तेपणच मान्य केलेले नव्हते. त्यांच्या आत्मस्तुतीत ही उणीव भरून काढण्याचा भाग मोठा होता. 1952 साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक जिंकणाऱ्या खाशाबा जाधवांच्या यशात राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून उभे केलेले सात हजार रुपये होते, त्यांच्या गोळेश्वर गावच्या ग्रामस्थांची वर्गणी होती, आणि स्वतः खाशाबाही होते. पहिल्या दोन गोष्टी भाषणांतून आवर्जून सांगितल्या गेल्या. तिसरीची अधिकृत दखल घेणारा अर्जुन पुरस्कार मात्र 2000 सालचा, म्हणजे 1984 मधील त्यांच्या अपघाती मृत्यूनंतर सोळा वर्षांनीचा आहे. या मल्लाने हयातीत आपले मोठेपण चारचौघांत मोजून दाखवले असते, तरी पाच कारणांच्या निकषावर त्याला बढाईखोर ठरवणे अवघड गेले असते.